बसून वाजवणारे मास्तर

अवं ये इकडं, सरक जवळ. कानात ती बटनं घालून, डोळे दुसरीकडं ठेवून आजीचं पत्र वाचणार असशील तं मी लिहीतच नाही. वस्तीत एवढी लग्नं झाली, एकालेही तुले सुट्टी भेटली नाही. अन् परवा फोनवर एक वाजवणं धाडते अन् खाली लिहिते, 'आजी, हा आमचा नवीन बँड. जाझ आहे, त्यात यहुदी लोकांच्या लग्नातलं वाजवणं मिसळलंय, थोडं अरबी आहे, ठेका आफ्रिकेचा. तुला कळणार नाही, पण ऐक.'

मले कळणार नाही म्हणते. पोरी, तुह्या बापाच्या जन्माआधी हे वाजवणं मी मेडशीच्या आमच्या वस्तीत ऐकलं. ज्वारी पाखडता पाखडता ऐकलं. परवा तुह्या बँडातल्या त्या क्लार्नेटनं पहिला सूर काढला, तो असा खालून वर चढत गेला, जसं कोणी रडता रडता हसू दाबते, अन् माहा हात थांबला. सूनबाई म्हणे, काय झालं आई? म्हटलं, काही नाही, मास्तर आले होते.

तं ते मास्तर कोण, ते आईक आता.

ते माह्या मायच्या गावचे, म्हणून माहे मामा. बाकी सगळी मेडशी त्याईले मास्तर म्हणे. शाळा नाही, पोट्टे नाहीत, पण क्लार्नेट वाजवे तो बँडमास्तर, म्हणून मास्तर. फक्त माहा बाप त्याईले मास्तर म्हणत नव्हता. तो म्हणे साळेबुवा, बायकोच्या गावचा म्हणून. अन् त्या साळेबुवात गूळ कमी अन् मिरची जास्त राहे.

अंगानं वाळलेले, उंच, मान जराशी पुढं काढलेली. सकाळी त्याईच्याशी बोलाले गेलं तं काही समजत नसे, कारण क्लार्नेटची पत्ती त्याईच्या तोंडात राहे. ती पत्ती म्हणजे बोरूचं पातळ सालपट असते, तिच्यातून आवाज निघते. ती ओली पाहिजे, नाही तं क्लार्नेट बदकासारखं ओरडते. म्हणून मामा उठल्यापासून ती गालात ठेवत. कोणी विचारलं, मास्तर, कापूस येचाले माणसं पाहिजेत, येता का? मामा नुसते 'हंऽहंऽ' करत. त्या माणसाले वाटे हो म्हणाले. मग दुपारी तो भांडाले येई. मामी दारातूनच सांगे, "तुमी त्याईले पत्ती काढल्यावर इचारत जा ना. पत्ती असली का ते माह्यालेही हो म्हनतात अन् करत काहीच नाहीत."

क्लार्नेट मात्र मामीपेक्षा सुखात होतं. ते मामीच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं, थंडीत गोधडीत झोपे. त्याची एक कळ तुटली होती, ती सुताच्या दोऱ्यानं बांधलेली.

ते त्याईच्यापाशी आलं कसं, तेही सांगते. तरुणपणी मामा मुंबईले गेले होते. एका मोठ्या हॉटेलात गिलासं धुवाचं काम. तिथं संध्याकाळी जाझ बँड वाजे. वाजवणारे गोव्याकडचे, एकच म्हातारा त्याईच्यात येगळा. गोरा, केस उडालेले, कुठल्यातरी बर्फाच्या देशातून जीव वाचवून पळून आलेला यहुदी. तिकडं त्याचं गाव, त्याची माणसं, काही उरलं नव्हतं म्हणत. तो क्लार्नेट वाजवे. बँड सुटला का तो मामापाशी मोरीत येऊन बसे अन् आपल्या गावचं लग्नातलं वाजवणं ऐकवे. एकमेकाची भाषा दोघाईलेही येत नव्हती. मामा म्हणत, "म्हून तं आमचं कधी भांडन झालं नाही."

त्या म्हाताऱ्यानं हातवारे करून मामाले सांगितलं होतं का त्याच्या गावात वाजवणाऱ्याशिवाय लग्न लागत नसे, पण वाजवणाऱ्याले जेवाले मागच्या दारी, चुलीपाशी. त्याले कोणी पोरगी देत नसे. मामा हे सांगत तवा त्याईचा आवाज बारीक होई. "म्या त्याले इचारलं, तुमाले गावात काय म्हनत? त्यानं एक शब्द सांगितला. शब्द नाही राह्यला माह्या ध्यानात. पन तो सांगताना त्याचं तोंड जसं झालं ना, तसं आपल्या आज्याचं होत असे."

पुढं तो म्हातारा कुठंतरी सातासमुद्रापार निघून गेला, जाताना क्लार्नेट मामाच्या हातात देऊन गेला. मामा ते घेऊन मेडशीले राहाले आले.

अन् आले ते कोणत्या वस्तीत, हे तुले समजलं पाहिजे, नाही तं पुढचं समजणार नाही.

आमच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या डफडं होतं. माहा आजा गावातल्या लग्नात डफडं वाजवे. उन्हात उभा, दाराबाहेर उभा. पंगती उठल्या का उरलंसुरलं धोतराच्या सोग्यात घे. आपल्या लोकाईनं दीक्षा घेतली त्या साली माह्या बापानं वस्तीतली सगळी डफडी गोळा केली अन् पडक्या विहिरीत टाकली. सगळ्यात आधी आपल्या बापाचं टाकलं. माहा बाप रडला नाही म्हणत, पण त्या दिवशी जेवलाही नाही. तवापासून वस्तीचा नेम झाला, आपला माणूस कोणाच्या दारी वाजवणार नाही, अन् आपल्या मांडवातही वाजंत्री नाही. अशा वस्तीत मामा बाजा घेऊन आले.

माहा बाप म्हणे, "साळेबुवा, आमी एवढ्या मुश्किलीनं विहीर भरली. तुमी आता तिच्यातून काढून राह्यले का?"

मामा म्हणत, "दाजी, वाईट ते उभं राह्यनं होतं. वाजवनं नव्हतं."

"दोन्ही एकाच अंगावर होतं. सोलून येगळं करता येत नाही."

"येते. मी दाखवतो."

अन् दाखवण्यासाठी मामानं काय केलं असन? वाशिमच्या कोण्या मंडपवाल्यापाशून जुन्या लोखंडी घडीच्या खुर्च्या आणल्या. बँड उभा केला. म्हणजे उभा नाही, बसवला. कारंजाचा एक शिंपीचाचा होता, तो बेंजो वाजवे, कळा दाबून तारेवर वाजवतात तो. एक ढोलवाला, एक झांजवाला. अन् मामाचा कायदा एकच. आपला बँड खुर्चीवर बसून वाजवीन, अन् पंगतीत बसून जेवीन. उभ्यानं वाजवणं नाही, मागून जेवणं नाही. ज्याले पटते त्यानं बोलवावं.

आता वरातीत बँड चालते ना. बसलेला बँड वरातीत न्यावा कसा? लोक हसत. तं मामानं बंडी केली. बैलबंडीत खुर्च्या मांडल्या, त्याच्यावर बँड बसला, अन् बंडी नवरदेवाच्या घोड्यापुढं. रस्त्यात खड्डा आला का चाचाचा बेंजो एकदम वरच्या सुरात जाई. चाचा म्हणे, "मास्टर, ये सुर मैंने नहीं लगाया, बैल ने लगाया है." मामा म्हणत, "मंग बैलाची पाळी समजा. त्याले सांभाळून घ्या."

पाळी हा त्याईचा मोठा शब्द. त्याईच्या बँडात सगळे मिळून गाण्याचं तोंड वाजवत, मग एकेकाची पाळी. ज्याची पाळी त्यानं मनचं वाजवावं, कुठंही जावं, बाकीच्याईनं हळू होऊन त्याले धरून ठेवावं. तुमी त्याले जाझ म्हणता. मामा तसंच घरात वागत. वस्तीत दोन जावांचं भांडण लागलं तं मधात जाऊन बसत. "एकीची पाळी होऊ द्या. तवर दुसरीनं ठेका धरा." अर्धं भांडण तिथंच हसण्यावारी जाई.

पण लग्नात लोकाईले सिनेमाचं गाणं पाहिजे. मामा सुरू करत सिनेमाच्याच गाण्यानं, पोट्टे नाचाले लागत, अन् दुसऱ्या कडव्यापाशी मामा कुठं दुसरीकडंच वळत. कधी तो बर्फाच्या देशाचा म्हातारा त्याईच्या फुकेत येई, कधी ग्रामपंचायतीच्या रेडिओवर ऐकलेलं कुठलं तरी आरबस्तान. रेडिओचं बटन फिरवून ते खरखरीत असे देश शोधत बसत का पारावरचे लोक चिडत, "मास्तर, बातम्या लावा." मामा म्हणत, "बातम्या उद्याही राह्यतीन. हे गानं आत्ता गेलं का गेलं." तं लग्नात नाचणारे थांबून ओरडत, "मास्तर, गाणं हरवलं." मामा एका हातानं थांबा म्हणत. मग खरंच गाणं परत येई, पण असं, का जसं गावाबाहेर जाऊन, काही पाहून आलं आहे.

एकदा एका मालदार घरचं लग्न होतं, गाव नाही सांगत. वरात झाली, लग्न लागलं, पंगत बसली. मामा अन् मंडळी हात धुवून पंगतीत बसाले गेली तं घरचा एक माणूस आडवा आला. "बँडवाल्याईचं मागून वाढतो. तिकडं सावलीत बसा जरासे."

मामानं काही भांडण केलं नाही. पत्ती काढून खिशात ठेवली. खुर्च्या मिटवल्या. चाचाले म्हणाले, "चला, आपली पाळी झाली." बंडी निघाली. संध्याकाळी त्याईच्या नवरदेवाले नवरीसह गावदेवाले न्याचं होतं, ते बाज्याशिवाय गेले. चाचा उपाशी होता, रस्ताभर मामाले शिव्या देत आला. म्हणे, "मास्टर, तुमारी इज्जत में मेरा पेट कायकू?" मामानं रस्त्यातल्या वावरातून हरभऱ्याचा टहाळ मागून आणला, बंडीतच सगळे सोलून खात आले. पण दुसऱ्या दिवशी चाचा कारंजाले जाता जाता म्हणाला, "खाया अच्छा लगा." तोही पुढं कधी मागून जेवला नाही.

असं सगळ्या तालुक्यात मामानं बसून वाजवलं. आपल्या वस्तीत मात्र घरी बसून फुकत तेवढंच, मांडवात कधी नाही. अन् त्याईच्या जिवाले लागून राह्यलं होतं ते तेच. म्हणत, "परक्याच्या मांडवात खुर्ची भेटते पोरी. आपल्याच मांडवात एकदा भेटली पाहिजे. मंग मी मोकळा झालो." बापाले दर लग्नाच्या वेळी विचारत. बाप दर वेळी नाही म्हणे. वस्ती बापाचं ऐके.

मग माहं लग्न ठरलं, इकडं धनजले. मामा आले, पत्ती काढून आले, म्हणजे कामाचंच बोलाले आले.

"दाजी, पोरगी माही भाची होय."

"होय ना. म्हून मामा म्हून या. मानानं या. पन मोकळ्या हातानं या."

"बसूनच वाजवीन. कोनाच्या दारी नाही, आपल्याच घरी."

बाप सुपारी कातरत होता. मग म्हणाला, "साळेबुवा, माहा बाप असाच म्हने, आपल्याच गावात तं वाजवतो. तुमी मले समजावू नका. मले आवाज आला का तो दिसते, उन्हात उभा."

मामा उठले. मी दाराआडून पाहत होती. त्याईनं बापाच्या खांद्यावर हात ठेवला अन् गेले. मले दोघाईचंही खरं वाटे. मले असं वाटे का माह्या लग्नात कोणीतरी हरणार, अन् जो हरीन तो माहाच राहीन.

लग्न दिवसा होतं. मांडवात दोन तसबिरी, मेणबत्त्या, वंदना झाली, हार पडले, जेवणं झाली. मामा आले ते पांढरा शर्ट घालून, मोकळ्या हातानं. दिलेला शब्द त्याईनं असा पाळला का क्लार्नेट घरी कुलपात ठेवून किल्ली मामीले देली, अन् मामीले आधीच दुसऱ्या गावी पाठवून देलं. मांडवात त्याईले हात कुठं ठेवावे समजत नव्हतं. कधी पाठीमागं बांधत, कधी उगाच कोणाचा गिलास उचलत.

मग माही निघाची वेळ आली. वराती सगळे एस.टी.नं आले होते, तिनंच परत जाणार, मालेगावले उतरून दुसरी धरायची. गाडी याची वेळ झाली होती. अन् तिथं जे झालं ते कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

पोरगी निघाली का बाया गाणं म्हणतात. आमच्या बायाईपाशी जुनी गाणी होती, मायपाशून लेकीले आलेली. पण त्या प्रत्येक गाण्यात जुने देव, जुन्या देव्या. दीक्षेनंतर ती म्हणाची नव्हती. नवी गाणी कुठं कुठं बाया रचत होत्या, पण आमच्या वस्तीपर्यंत पोचली नव्हती. वस्तीतल्या आधीच्या पोरी सगळ्या जवळपासच्या गावात देल्या होत्या, पायी गेल्या, बोलत चालत गेल्या, कोणाले उणीव समजली नाही. मीच पहिली दूर चालली होती.

बाया माह्याभोवती जमल्या. मायनं माह्या गालावरून हात फिरवला, तोंड उघडलं, अन् पहिलाच शब्द एका देवीचा. तो तिच्या ओठापर्यंत आलेला मी पाहिला. तिनं तोंड मिटलं, बापाकडं पाहिलं. मावशीनं मिटलं. सगळ्या बाया तशाच, मिटलेल्या तोंडानं. रडाले यावं अन् रडाची वाट नसावी, असं ते. मांडव एवढा शांत झाला का मागच्या अंगणातली कोंबडी ऐकू येत होती.

बाप पाहत होता. विहिरीत काय काय गेलं, ते त्याले त्या दिवशी समजलं असन. तो चालत गेला, वंदना घेणाऱ्या उपासकासाठी मांडलेली खुर्ची उचलली, सगळ्या वरातीसमोर मांडवाच्या मधात आणून ठेवली, पंच्यानं पुसली. म्हणाला, "मास्तर, बसा."

पहिल्यांदा मास्तर म्हणाला तो.

मामा उभेच. "दाजी, मोकळ्या हातानं आलो ना मी. तुमीच म्हनलं होतं."

"मंग आना."

"किल्ली गावाले गेली."

कोणीतरी हसलं. बापानं खुर्चीवर पंचा परत एकदा फिरवला. तो म्हणाला, "बसा तं खरं. काय व्हाचं ते होईन."

मामा बसले. गुडघ्यावर हात ठेवले. डोळे मिटले. अन् जे क्लार्नेटातून काढत ते त्याईनं नुसत्या गळ्यातून काढलं. शब्द नाही. सा नाही, रे नाही, नुसतं आऽ अन् याऽय, खालून वर चढणारं, मधात मोडणारं, परत चढणारं. त्या म्हाताऱ्याच्या गावच्या लग्नातलं. तिथंही पोरी अशाच निघत असतीन. मामाचा गळा काही गोड नव्हता, घोगरा होता. पण त्या चालीत देव नव्हता, देवी नव्हती, बापानं मना करावं असं काहीच नव्हतं. नुसतं जाणं होतं.

दुसऱ्यांदा ती चाल फिरली तवा मायनं तिच्यात आवाज मिळवला. मग मावशीनं. मग सगळ्या बायाईनं, ज्याईले सूर सापडला त्याईनं, ज्याईले नाही सापडला त्याईनंही. मी तवा रडली. बाप खुर्चीमागं उभा होता, डोळ्यातून पाणी चाललेलं, पुसतही नव्हता.

तेवढ्यात गाडी आली. कंडक्टरनं घाई केली. मले बसवलं. खिडकीतून ती चाल ऐकत गेली मी, पातळ होत होत, घाटाच्या वळणापर्यंत.

पुढं पहिल्यांदा माहेरी गेली. मेडशीले गाडीतून उतरली तं फाट्यावरच्या झाडाखाली मामा, लोखंडी खुर्चीवर बसलेले, हातात क्लार्नेट. खुर्ची माहा बाप डोक्यावर घेऊन आला होता तिथपर्यंत. मले पाहिलं अन् मामानं वाजवलं. तीच चाल, पण आता ती उड्या मारत होती. तेच सूर, अन् पाय थांबत नव्हते. कंडक्टर उतरून पाहाले लागला.

म्हटलं, मामा, त्या दिवशी हे कुठं होतं?

मामानं पत्ती तोंडातून काढली. "ते अर्धं जानारीसाठी, पोरी. हे अर्धं येनारीसाठी. दोन्ही एका दिवशी नाही वाजवत."

हे त्या म्हाताऱ्यानं सांगितलं होतं का मामानं झाडाखाली बसल्या बसल्या काढलं, देव जाणे. पहाय, आला ना देव तोंडात. सवयच होय.

मग मेडशीच्या वस्तीत मामाले दर लग्नात खुर्ची भेटली. मी ती चाल इकडं धनजले आणली, इथल्या बायाईले शिकवली. मामा गेले त्याले जमाना झाला. क्लार्नेट कुठं गेलं मले माहीत नाही, अन् त्याचं मले एवढं वाटतही नाही.

तुह्या बँडाचं वाजवणं मी परत परत ऐकलं. चांगलं वाजवता. पोरगा क्लार्नेटवर खरा रडते. पण तुमी रडता अन् लगेच नाचता, एकाच दमात. तुमाले मधात कोणाले जाऊ द्याची, त्याची वाट पाहाची सवय नाही.

तू शिकाले निघाली त्या दिवशी आमी बायाईनं तुह्या गाडीपाशी अर्धी चाल म्हटली होती. तू काच लावून घेतली, आत एसी होता म्हणे. ती ऐकली का नाही ऐकली, विचारत नाही. पण उरलेली अर्धी तवापासून माह्या गळ्यात अडकून आहे. ज्या बायाईनं संग म्हटली त्याईच्यातल्या आता थोड्याच राह्यल्या, अन् माहा दम जिना चढता चढता संपते. अन् ते अर्धं फोनवर म्हणता येत नाही. उतरणारी पोरगी समोर पाहिजे.

तं ये बाप्पा लवकर. बँडवाल्या पोट्ट्याईलेही आण, पंगतीत बसवीन. तुरीच्या शेंगा भरून राह्यल्या आहेत. कारंजाले उतरून धनजची गाडी धर, मी फाट्यावर येते बायाईले घेऊन.